एक माणूस, अनेक पडदे

ऑक्टोबर २०२१मध्ये नासाचे फ्लाइट सर्जन डॉ. जोसेफ श्मिड आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ‘आले’ आणि अंतराळवीराशी गप्पा मारून ‘गेले’. प्रत्यक्षात ते जमिनीवरच होते. अंतर मोजणारा कॅमेरा, संगणक आणि त्यासाठी खास लिहिलेलं सॉफ्टवेअर यांच्या मदतीने त्यांचं हालतं-बोलतं त्रिमितीय रूप सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर पाठवलं गेलं. स्थानकातले फ्रेंच अंतराळवीर तोमा पेस्के यांना डॉक्टर समोर उभे दिसत होते, कारण त्यांच्या डोळ्यांवर मायक्रोसॉफ्टचा ‘होलोलेन्स’ हा हेडसेट होता. तो न लावलेल्या कुणाला त्याच जागी स्थानकाची भिंत तेवढी दिसली असती.

त्रिमितीय व्हिडिओ कॉलची बातमी येते तेव्हा माणूस किती हुबेहूब दिसला, याचीच चर्चा होते. पण कॉलला किमान दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे सारखंच यंत्र असेल असं कुणी सांगावं? एकाकडे लाखो रुपयांचा पडदा असेल, दुसऱ्याच्या हातात साधा फोन असेल, तिसऱ्याने हेडसेट चढवलेला असेल आणि चौथा गाडी चालवत नुसता आवाज ऐकत असेल. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये असा फरक पडला तर चित्र फार तर लहान-मोठं किंवा धूसर होतं. त्रिमितीय कॉलमध्ये प्रत्येक यंत्राला मुळात वेगळ्या जातीचं चित्र लागतं. न्यू जर्सीतल्या नातवाने नवं यंत्र घेतलं, पण पुण्यातल्या आजीच्या जुन्या फोनवर त्याचा काही उपयोग झाला नाही, तर त्या घरापुरतं ते तंत्र फसलंच.

प्रत्येक यंत्राची मागणी वेगळी का, हे समजायला थिएटरपासून सुरुवात करता येईल. २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. चष्मा लावून बसलेल्यांना तात्या विंचू पडद्याबाहेर आल्यासारखा वाटला. माणसाच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन डोळ्यांना जग किंचित वेगवेगळं दिसतं आणि मेंदू त्या फरकावरून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८मध्ये हे आरशांच्या उपकरणाने दाखवून दिलं होतं. थ्रीडी सिनेमा याच गुणावर चालतो. मात्र थिएटरमध्ये पहिल्या रांगेतल्या आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तीच दोन चित्रं मिळतात. मान तिरकी करून तात्या विंचूच्या पाठीमागे डोकावायला गेलं, तर नवीन काहीच दिसत नाही.

समोरासमोर बोलताना असं होत नाही. आपण जरासे डावीकडे सरकलो की समोरच्याचा उजवा कान थोडा अधिक दिसतो, त्याच्या खांद्यामागची खिडकी हलते. हे आपण मुद्दाम पाहत नसतो, पण तसं घडलं नाही की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. म्हणून त्रिमितीय कॉलमध्ये पाहणाऱ्याचे डोळे या क्षणी नेमके कुठे आहेत हे यंत्राला कळावं लागतं, आणि तेवढ्याच क्षणापुरतं त्या जागेवरून दिसणारं चित्र तयार व्हावं लागतं. २०१४च्या निवडणूक प्रचारातल्या ज्या ‘थ्रीडी सभा’ अनेकांना आठवत असतील, त्यात हा भाग नव्हता. तिथे नेत्याचं सपाट चित्र जवळजवळ अदृश्य अशा पडद्यावरून परावर्तित केलं जात होतं. लंडनच्या रंगमंचावर १८६०च्या दशकात भुतं दाखवायला वापरलेली हीच युक्ती, दुरून पाहणाऱ्या गर्दीसाठी ती पुरेशी होती.

पाहणाऱ्याची जागा ओळखून चित्र घडवायचं, या कल्पनेच्या सुरुवातीच्या कामात एक नाव नाशिकचं आहे. नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर १९९८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला, संशोधन करत होते. हेन्री फुक्स आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘ऑफिस ऑफ द फ्युचर’ नावाचा शोधनिबंध मांडला. कचेरीच्या छताला प्रोजेक्टर आणि कॅमेरे लावायचे. प्रोजेक्टर डोळ्यांना जाणवणार नाहीत असे प्रकाशाचे आराखडे भिंतींवर आणि वस्तूंवर टाकतील, कॅमेरे ते टिपतील आणि त्यावरून खोलीचा आकार मोजला जाईल. मग त्याच भिंतींवर दूरचा सहकारी दिसेल. भिंत वाकडी असो की कोपऱ्यात फडताळ असो, चित्र त्या पृष्ठभागाप्रमाणे आधीच वळवून टाकायचं. पडदा कसा आहे हे आधी समजून घ्या आणि चित्र त्याच्यासाठी घडवा, हा विचार त्या कामात स्पष्ट दिसतो. रासकर पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले.

आजच्या यंत्रांकडे जवळून पाहिलं तर हा विचार किती निकडीचा झाला आहे ते कळतं.

गूगलने मे २०२१मध्ये ‘प्रोजेक्ट स्टारलाइन’ जाहीर केला. ६५ इंची, ८-के पडदा, त्याच्या पुढ्यात बसायची जागा, चष्मा नाही. पडद्यावर बारीक उभ्या भिंगांची पट्टी असते. जत्रेत किंवा फुटपाथवर मिळणारी देवादिकांची रेघोट्यांची प्लास्टिक चित्रं, जी हलवली की गणपतीचा शंकर होतो, त्यांचं तंत्र हेच. प्रत्येक भिंगाखाली वेगवेगळे बिंदू असतात आणि कुठल्या कोनातून पाहिलं त्यावर कुठला बिंदू दिसणार हे ठरतं. स्टारलाइनमध्ये कॅमेरे पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा सतत माग काढतात आणि डाव्या डोळ्यापर्यंत एक, उजव्यापर्यंत दुसरं, अशी दोन चित्रं नेमकी पोचवतात. त्यामुळे तो पडदा एका वेळी एकाच माणसासाठी काम करतो. शेजारी दुसरी खुर्ची टाकून उपयोग नाही.

अमेरिकेतल्या ‘लुकिंग ग्लास’ कंपनीचे पडदे भिंगांचेच, पण त्यांची रीत उलटी. ते कुणाच्याही डोळ्यांचा माग काढत नाहीत. वेगवेगळ्या कोनांतली कित्येक दृश्यं ते एकाच वेळी फेकत राहतात, म्हणजे चार जण भोवती उभे राहिले तरी प्रत्येकाला आपापला कोन मिळतो. याची किंमत स्पष्टतेत मोजावी लागते, कारण पडद्यावरचे बिंदू इतक्या दृश्यांमध्ये वाटले जातात. हेडसेटला पुन्हा दोनच चित्रं हवीत, पण ती सेकंदाला नव्वदच्या आसपास वेळा ताजी व्हायला हवीत आणि समोरचा माणूस आपल्या खोलीच्या जमिनीवर पाय टेकून उभा दिसायला हवा. फोनला एकच चित्र पुरतं.

मग पाठवणाऱ्याने पाठवायचं तरी काय? प्रत्येकासाठी वेगळी चित्रं बनवून पाठवणं परवडणारं नाही. त्यामुळे या क्षेत्रातले बहुतेक जण एका गोष्टीवर आले आहेत: तयार चित्र न पाठवता माणसाचा आकार आणि रंग पाठवावा, आणि शेवटचं चित्र पाहणाऱ्याच्या यंत्राने किंवा त्याच्या जवळच्या सर्व्हरने घडवावं.

हे बोलायला सोपं आहे. माणसाचं शरीर दहा लाख रंगीत बिंदूंनी दाखवायचं ठरवलं आणि प्रत्येक बिंदूची जागा व रंग मिळून ५४ बिट धरले, तर सेकंदाला ३० वेळा हा बिंदूंचा ढग पाठवायला दीड गिगाबिटहून जास्त वेग लागतो. नेहमीच्या घरगुती ब्रॉडबँडवर ते शक्य नाही. मायक्रोसॉफ्टच्या एका गटाने २०१६मध्ये ‘होलोपोर्टेशन’ हे त्रिमितीय कॉलचं तंत्र दाखवलं, तेव्हा त्यालाही गिगाबिटच्या घरातला वेग लागत होता. पुढे त्याच गटाने ही गरज ९७ टक्क्यांनी खाली आणली आणि धावत्या गाडीतून हा कॉल करून दाखवला.

हा डेटा दाबण्याचा सगळ्यात हुशार मार्ग आंतरराष्ट्रीय मानकांनी निवडला आहे. शिवलेला ब्लाउज उसवून त्याचे पुढचे, पाठीचे, बाह्यांचे तुकडे सतरंजीवर पसरावेत, तसा त्रिमितीय देहाचा पृष्ठभाग तुकड्या-तुकड्यांनी सपाट चित्रावर मांडायचा. एका चित्रात रंग, दुसऱ्यात प्रत्येक ठिपका किती खोल आहे ते. मग ही सपाट चित्रं नेहमीच्या व्हिडिओसारखीच दाबून पाठवायची आणि पलीकडे पुन्हा टाके घालायचे. एमपेग या संस्थेचं व्ही-पीसीसी हे मानक असं चालतं. यातला फायदा ज्याच्याकडे साधं यंत्र आहे त्याला सगळ्यात जास्त. कारण व्हिडिओ उलगडणारी चिप आज स्वस्तातल्या फोनमध्येही असते. नवं तंत्र जुन्या चिपच्या खांद्यावर बसून आलं, तरच ते मोठ्या संख्येने लोकांपर्यंत पोचेल.

स्टारलाइननेही रस्ता याच दिशेचा धरला. २०२१च्या शोधनिबंधानुसार त्यात रंगाचे चार आणि खोलीचे तीन असे सात प्रवाह नेहमीच्या व्हिडिओ तंत्राने दाबून पाठवले जात आणि पलीकडच्या टोकाला ते एकत्र करून डोळ्यांच्या जागेप्रमाणे चित्र घडवलं जाई. लागणारा वेग सेकंदाला ३० ते १०० मेगाबिट, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंतचा उशीर सरासरी १०६ मिलिसेकंदांच्या आसपास.

उशिराचा हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण कुठलं काम कुठल्या यंत्राकडे द्यायचं हे त्यावरूनच ठरतं. संभाषणात एका बाजूचा शब्द दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तरी माणसं सहज सांभाळून घेतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारसही तीच आहे. पण हेडसेट लावलेल्या माणसाने मान वळवली, तर चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हललं पाहिजे. सहज मान वळवतानाही सेकंदाला शंभर अंशांचा वेग येतो. म्हणजे चित्राला शंभर मिलिसेकंद उशीर झाला, तर समोरचा माणूस दहा अंश भलतीकडे उभा दिसेल आणि पाहणाऱ्याला मळमळायला लागेल.

आता मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातलं सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचा प्रवासच किमान साठेक मिलिसेकंदांचा. प्रत्यक्षात केबल वळणावळणाने जाते, तो वेळ वेगळा. मुंबईतल्या माणसाने मान वळवल्याची बातमी न्यूयॉर्कला कळवून तिथून नवं चित्र मागवणं कधीच जमणार नाही. कुठल्याही नेटवर्कने, ५-जी असो वा पुढचं काही, हा हिशोब बदलत नाही. म्हणून माणसाचा आकार पाहणाऱ्याजवळ येऊन पोचलेला असणं अनिवार्य आहे. ज्या यंत्रात तेवढी ताकद नाही, त्याच्यासाठी शहरातल्या शहरात एखादा सर्व्हर चित्र घडवतो आणि यंत्र स्वतः ते दाखवण्याच्या शेवटच्या क्षणी मानेच्या ताज्या स्थितीप्रमाणे थोडंसं सरकवून घेतं.

हेडसेटची एक अडचण मात्र सगळ्यांत विचित्र आहे. त्यातून पाहणं उत्तम, पण तो लावणाऱ्याने पलीकडच्याला दिसणं अशक्य. चेहऱ्याचा अर्धा भाग यंत्रानेच झाकलेला असतो. ॲपलने फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत ‘व्हिजन प्रो’ आणला तेव्हा त्यावर ‘पर्सोना’ हा तोडगा काढला. वापरणाऱ्याने यंत्र हातात धरून स्वतःचा चेहरा त्याच्या कॅमेऱ्यांपुढे फिरवायचा, म्हणजे चेहऱ्याची प्रतिकृती तयार होते. कॉलच्या वेळी यंत्रातले कॅमेरे डोळ्यांच्या आणि ओठांच्या हालचाली टिपून त्या प्रतिकृतीला हलवतात. दोघांकडेही व्हिजन प्रो असेल तर त्यांना एकमेकांची प्रतिकृती खोलीत बसलेली दिसते. पलीकडे आयफोन असेल तर तीच प्रतिकृती फेसटाइमच्या नेहमीच्या चौकटीत सपाट दिसते. फोनवाल्याला कॉल तुटल्यासारखं वाटत नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट.

फोनवाल्याला त्रिमितीय कॉलमधून काही मिळतं का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. पण मिळतं, आणि ते खोलीइतकंच महत्त्वाचं आहे. साध्या कॉलमध्ये आपण समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतो, तेव्हा त्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते, कारण कॅमेरा पडद्याच्या वर असतो. चेहऱ्याचा आकारच हाती असेल, तर पडद्याच्या मधोमध एक काल्पनिक कॅमेरा ठेवून तिथून दिसणारं चित्र काढता येतं. नजरेला नजर मिळते. ॲपलने फेसटाइममध्ये नजरेची अशी दुरुस्ती साध्या फोनवरही आणली आहे. लहान मुलांशी बोलणाऱ्या आजी-आजोबांना याचं मोल वेगळं सांगायला नको. दुसरी सोय डोकावून पाहण्याची. ॲमेझॉनच्या २०१४मधल्या फायर फोनवर पुढच्या बाजूला चार खास कॅमेरे होते. ते डोक्याची जागा ओळखून पडद्यावरचं दृश्य हलवायचे. सपाट काचेतही खिडकीतून आत बघितल्याचा भास व्हायचा. फोन चालला नाही, पण सपाट पडद्याला खोली देण्याची ही रीत आजच्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यालाही जमण्यासारखी आहे.

आवाजाच्या बाबतीत हे जुळवून घेण्याचं काम चित्राच्या पुढे गेलं आहे. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने आपल्या अठराव्या आवृत्तीत ‘आयव्हास’ हे ध्वनितंत्र घेतलं. जून २०२४मध्ये नोकियाचे तेव्हाचे प्रमुख पेक्का लुंडमार्क यांनी फिनलंडमध्ये त्यावरून पहिला फोन केला. बोलणाऱ्याच्या भोवतीचा आवाज दिशांसकट पाठवला जातो. पलीकडे हेडफोन असतील तर तो कानांसाठी घडवला जातो, अनेक स्पीकर असतील तर त्यांच्यात वाटला जातो आणि एकच स्पीकर असेल तर एकत्र होऊन नेहमीसारखा ऐकू येतो. पाठवणाऱ्याला पलीकडे काय आहे याची काळजी करावी लागत नाही. चित्रातही हेच साधायचं आहे.

नेटवर्क मंदावलं तर आधी कशाला कात्री लावायची, हाही जुळवून घेण्याचाच भाग. पाठीचा, खुर्चीआडचा तपशील आधी गेला तरी कुणाला कळणार नाही. त्यानंतर कपड्यांचा बारीकसारीक पोत, मग चित्राची खोली. चेहरा आणि हात टिकवायला हवेत, कारण बोलण्याचा बराचसा अर्थ त्यांच्यात असतो, आणि आवाज अगदी शेवटपर्यंत राहायला हवा. ज्यांनी पावसाळ्यात गावाकडे फोन लावला आहे त्यांना हा क्रम समजावून सांगावा लागणार नाही. पण अनेक प्रात्यक्षिकांमध्ये सगळी मेहनत अंगरख्याच्या चुण्यांवर केलेली दिसते आणि ओठ शब्दांच्या मागे पडतात.

आतापर्यंत पाहण्याची बाजू झाली. टिपण्याच्या बाजूला खोलीभर कॅमेरे लावण्याऐवजी एक-दोन कॅमेऱ्यांवर भागवण्याकडे कल आहे. स्लोव्हाकियातली ‘मात्सुको’ ही कंपनी आयफोनच्या एका कॅमेऱ्यावरून त्रिमितीय रूप घडवते. एनव्हिडियाच्या संशोधकांनी २०२३मध्ये साध्या वेबकॅमच्या चित्रावरून हेच करून दाखवलं. गूगलचा स्टारलाइन मे २०२५मध्ये ‘गूगल बीम’ झाला. त्यावर आधारलेलं एचपीचं ‘डायमेन्शन’ हे यंत्र सहा कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्रिमितीय माणूस घडवतं. २०२५मध्ये त्याची किंमत होती २४,९९९ डॉलर, तेव्हाच्या दराने एकवीस लाख रुपयांच्या घरात. साध्या पडद्यावरून मीट किंवा झूमवर आलेल्या माणसाशीही ते बोलू देतं, ही तडजोड कंपनीला करावीच लागली, कारण पहिल्याच दिवशी पलीकडे तसंच यंत्र असण्याची शक्यता फार थोडी.

एका कॅमेऱ्यावरून घडवलेल्या रूपात जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही, ते अंदाजाने भरलेलं असतं. एका बाजूचा कान, जबड्याची कड, मानेवरचा तीळ. गप्पांसाठी याने फारसं बिघडत नाही. दवाखान्यात मात्र बिघडतं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या कॅनिसबर्न प्लास्टिक सर्जरी विभागाने मायक्रोसॉफ्टबरोबर त्रिमितीय तपासणीचा प्रयोग केला आणि पुढे तो घानाची राजधानी आक्रा इथल्या कोर्ले बू रुग्णालयापर्यंत नेला. रुग्णाभोवती अंतर मोजणारे अनेक कॅमेरे असतात. त्याचं रूप दूरच्या डॉक्टरला साध्या संगणकाच्या पडद्यावर दिसतं आणि ते फिरवून जखम, व्रण, सूज सगळ्या बाजूंनी पाहता येते. कुणाच्या डोळ्यांवर हेडसेट असण्याची सक्ती नाही. तज्ज्ञ डॉक्टरला चमत्कार नको होता, फिरवून पाहता येण्याची सोय हवी होती आणि ती सपाट पडद्यावर मिळाली. इथे प्रत्येक बिंदू कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला असणं ही अट आहे. पुढे हेच काम एका फोनच्या कॅमेऱ्याने होऊ लागलं, तर पाहिलेला भाग कुठला आणि भरून काढलेला कुठला, हे पडद्यावर वेगळ्या रंगाने दाखवणं सक्तीचं असायला हवं. आकाराबरोबर ही माहिती पाठवायला फार डेटा लागत नाही. तशी सोय मानकांमध्ये आतापासूनच असली पाहिजे.

मानकांचा आग्रह धरायला आणखी एक ठोस कारण आहे. फायर फोन २०१५मध्ये बंद झाला. चष्म्याशिवाय खोली दाखवणारा रेड कंपनीचा ‘हायड्रोजन वन’ फोन २०१८मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली. ‘अझ्युर किनेक्ट’ या अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये थांबवलं, आणि पेस्के यांनी अवकाशात वापरला त्या घराण्यातला ‘होलोलेन्स २’ २०२४मध्ये. एखाद्या रुग्णालयाने किंवा विद्यापीठाने एकाच यंत्रावर सगळी व्यवस्था उभारली, तर चार-पाच वर्षांत सुटे भागही मिळेनासे होतात. व्ही-पीसीसीसारखी मानकं कुणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत. त्यांच्यावर बांधलेल्या कॉलमध्ये कॅमेरा बदलला तरी पडदा तोच राहू शकतो आणि पडदा बदलला तरी पलीकडच्याला काही करावं लागत नाही. सध्या बीम, पर्सोना आणि मात्सुको यांच्यातला कुणीही दुसऱ्याला त्रिमितीय रूपात फोन लावू शकत नाही. साध्या आवाजी फोनला आज कंपन्यांच्या आणि देशांच्या सीमा सहसा आडव्या येत नाहीत, कारण तारेतून काय जाणार हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.